'नवोदित', 'होतकरू' की आणखी काही? हातानं घडवणाऱ्यांसाठी शब्द

प्रश्न

धातुकाम, दागिने आणि धाग्याचं काम करणाऱ्या नव्या लोकांवरचा मजकूर मराठीत आणते आहे. मूळ इंग्रजीत त्यांना 'इमर्जिंग मेकर्स' म्हटलंय. 'उदयोन्मुख निर्माते' लिहिलं की सिनेमाचा निर्माता डोळ्यांपुढे येतो. 'नवोदित कलाकार' म्हटलं की गायक किंवा नट. 'होतकरू कारागीर' वाचताना कुणी वडीलधारं माणूस पाठीवर थाप मारतंय असं वाटतं. काम उत्तम येतं, वस्तू स्वतःच्या कल्पनेनं घडवतात, पण नाव अजून फारसं झालेलं नाही, अशांना तुम्ही काय म्हणाल?

उत्तर

ताई, 'मेकर'साठी मी 'कारागीर' सोडणार नाही. फारसीतल्या 'कारीगर'वरून आलेला हा शब्द आता पुरता आपला झाला आहे. त्याच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की कारागीर दुसऱ्यानं काढून दिलेलं चित्र हातानं उतरवतो आणि कल्पना कलाकाराची असते. धातूत काम करणाऱ्याला ही वाटणी पटत नाही. चांदीच्या सपाट पत्र्यातून वाटी उठवताना बघा. एका ओळीत ठोके देत गेलं की पत्रा वर चढतो, आणि चढता चढता कडक होत जातो. मग मंद उजेडात फिकट लाल दिसेपर्यंत तापवून तो पुन्हा नरम करायचा. उजेड मंद हवा, कारण भर उजेडात तो लाल रंग दिसतच नाही आणि पत्रा वितळायची वेळ येते. ९२५ ची चांदी, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुतेक तांबं, असेल तर तिच्यातलं तांबं तापल्यावर काळवंडतं, तो डाग काढायचा की वस्तूचा रंग म्हणून ठेवायचा, हे तिथेच ठरतं. वाटीचा आकार कागदावर अर्धाच असतो, उरलेला ऐरणीवर सापडतो. म्हणून कल्पना एकाची आणि हात दुसऱ्याचा असं मानणारा शब्द या कामाला बसत नाही. 'कारागीर' लोकांनी लहान करून ठेवला असेल, तर तो मोठ्या अर्थानं वापरत राहणं हाच उपाय आहे.

आता 'इमर्जिंग'. 'नवोदित' म्हणजे नुकताच उगवलेला, 'उदयोन्मुख' म्हणजे उगवण्याच्या बेतात असलेला. दोन्ही शब्द नावाबद्दल बोलतात, हाताबद्दल नाही. म्हणूनच ते इथे चालतील. 'नवशिका' आणि 'शिकाऊ' मात्र अजिबात नको, त्यात हात कच्चा असल्याचं गृहीत आहे. एक जुना शब्द मला फार आवडतो, 'उमेदवार'. निवडणुकीनं तो पळवला, पण जाणत्या माणसाच्या हाताखाली काम शिकण्याला आपण 'उमेदवारी करणं'च म्हणत आलो. त्यातली उमेद छान आहे. तरी तुमच्या मजकुरात तो चुकीचा ठरेल, कारण या लोकांची उमेदवारी संपलेली आहे.

आणखी एक

वरच्या उत्तराशी बहुतेक सहमत. मी मागावर बसते, म्हणून थोडी भर.

कुणी 'कसबी' सुचवेल. अर्थ नेमका आहे, पण बाईबद्दल लिहिताना तुम्ही अडकाल. 'कसबीण' या शब्दाला भाषेनं भलताच अर्थ चिकटवून ठेवला आहे. विणकाम आणि भरतकामात तर बायाच पुष्कळ. 'कारागीर' तो आणि ती दोघांनाही चालतो, हा त्याचा मोठा गुण.

हाताबद्दल बोलायचं तर 'हात बसणं' हा आपला वाक्प्रचार कुठल्याही विशेषणापेक्षा अचूक आहे. नवीन विणणारा आडवा धागा सरळ आणि ताणून घालतो. फणी मारली की कापड दर ओळीला किंचित आत ओढलं जातं आणि काठ वाकडे होतात. हात बसलेला माणूस धागा तिरका, जरा सैल टाकतो आणि मग फणी मारतो. काठ बघितला की कळतं. तुमचे लोक 'हात बसलेले, नाव व्हायचे' असे आहेत.

आणि 'टेक्सटाइल'ला सरसकट 'वस्त्र' म्हणू नका. २०२२ चा लोएवे क्राफ्ट प्राइझ, म्हणजे हस्तकलेसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार, कोरियाच्या दाह्ये जोंग यांना मिळाला, तो घोड्याच्या केसांनी विणलेल्या पात्राला. ते कुणी नेसत नाही, पांघरत नाही. 'धागाकाम' म्हणा, त्यात विणलेलं, गुंफलेलं, भरलेलं सगळं येतं. 'तंतुकला' बरोबर आहे, पण बोलताना कुणाच्या तोंडी येत नाही.

दागिन्यांपुरतं

'आभूषण' आणि 'अलंकार' टाळा. दोन्हींत शोभा गृहीत आहे आणि आजचे बरेच दागिने शोभेसाठी केलेले नसतात. डच दागिनेकार खाइस बाकर यांनी १९६७ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळीतून गळ्यातला दागिना केला. स्विस दागिनेकार ओट्टो क्युंत्सली यांनी १९८० मध्ये काळ्या रबराच्या कड्यात सोन्याचा गोळा बंद केला, बाहेरून दिसतो तो फक्त फुगवटा. सोनं आहे हे घालणाऱ्यानं विश्वासानं मानायचं. याला 'आभूषण' कसं म्हणणार? 'दागिना' बिनधास्त चालेल. जुन्या वापरात सामानातल्या एका नगालाही दागिना म्हणत, म्हणजे सोन्याची अट त्या शब्दात नव्हतीच.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शीर्षकात 'नवोदित कारागीर' घेते आणि पहिल्याच वाक्यात 'हात बसलेले, पण नाव अजून व्हायचे' हे तुमचंच वर्णन वापरते. विभाग तीन: धातुकाम, दागिने, धागाकाम. एकच अडचण उरली. काही जण तांब्याची तार मागावर विणून दागिने करतात. त्यांना कुठल्या विभागात घालू?

उत्तर

कामाच्या रीतीवरून ठरवा, मालावरून नको. तार विणली आहे ना? मग धागाकाम. तार तापवून, ठोकून, डाख देऊन जोडली असती तर धातुकाम म्हटलं असतं. आणि खाली 'तांब्याची तार, मागावर विणलेली' एवढं जरूर लिहा, वाचणाऱ्याला विभागापेक्षा त्याचाच उपयोग जास्त होईल.