६९ ची सी-१० पुढून खाली घ्यायचीये, स्प्रिंग कापू की स्पिंडल बदलू?

जुनाट_पिकअप:
मंडळी, १९६९ ची शेवरले सी-१० पिकअप आहे, शॉर्ट बेड (मागचा हौदा आखूड), पुढे अजून ड्रम ब्रेकच. आधीच्या मालकाने मागची बाजू खाली घेतली आणि पुढचं तसंच सोडून दिलं, त्यामुळे गाडी कायम नाक वर करून उभी. पुढून ३ इंच तरी खाली हवी. एक जण म्हणतो दीड वेटोळं काप, झालं काम. दुसरा म्हणतो कापू पण नको, गॅसने तापव, आपोआप बसते. तिसरा म्हणतो ड्रॉप स्पिंडल टाक. रोज चालवायची गाडी आहे, नुसते फोटो काढायला नाही. काय करू?

वंगणहात:
तापवणाऱ्याला आधी गाडीपासून लांब ठेव. तापवली की त्या जागचं टेम्पर (पोलादाला दिलेला कडकपणा) जातं, स्प्रिंग मऊ पडते, मग किती बसेल, दोन्हीकडे सारखी बसेल का, कशालाच धरबंध नाही आणि एक दिवस तिथेच तुटते.

कापणं चालतं, पण दीड वेटोळं एकदम नको रे बाबा. स्प्रिंग लोअर आर्मच्या (चाक धरून वर-खाली हलणारा खालचा दांडा) साधारण मधे बसते आणि चाक टोकाला, म्हणजे स्प्रिंगची उंची १ इंच कमी झाली की चाकाशी जवळपास २ इंच फरक पडतो. अर्धं वेटोळं काप, बसव, गाडी थोडी पुढेमागे ढकल म्हणजे आर्म मोकळे होऊन खरी उंची कळते, मग पुढचं ठरव. ग्राइंडरनेच काप, गॅस कटरने नाही. आणि वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते, शिवाय बंप स्टॉप (आर्म जिथे आपटून थांबतो तो रबरी ठोकळा) जवळ येतो, तेव्हा खड्ड्यात दणका बसणार हे धरून चाल.

तिरका_कॅम्बर:
रोजची गाडी असेल तर स्पिंडल. त्यात स्प्रिंगला हातच लागत नाही, चाक ज्या दांड्यावर फिरतं तो दांडाच अडीच इंच वर सरकवलेला असतो, म्हणून गाडी खाली येते पण आर्मचे कोन, टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणारी सळई) कोन, शॉकअपची चाल सगळं होतं तसंच राहतं. अडीचवर समाधान मान, नाहीतर जोडीला १ इंचाची ड्रॉप स्प्रिंग टाक, मिळून साडेतीन.

पण एक गोम आहे जी मला कोणी सांगितली नव्हती. सी-१० ला पुढे डिस्क आल्या १९७१ ला, आणि बाजारातले बहुतेक ड्रॉप स्पिंडल त्या डिस्कसाठीच बनवलेले. १९७१ पासून चाकाला ५ बोल्ट, तुझ्या ६९ ला ६. म्हणजे पुढे ५, मागे ६! मी काही महिने दोन स्टेपन्या घेऊन फिरलोय, हसू नका. ६ बोल्टची डिस्क वेगळी मिळते, ऑर्डर देतानाच तीच माग, आणि हातातली रिम नव्या कॅलिपरवरून (डिस्कला चिमटा घेणारा ब्रेकचा भाग) जाते का ते बसवून बघितल्याशिवाय काही फायनल करू नको.

ट्विनबीम:
मधेच घुसतोय, माझी ७२ ची एफ-१०० आहे, हेच चालेल का?

तिरका_कॅम्बर:
नाही. तुझ्याकडे पुढे आर्मऐवजी फोर्डचे दोन आय-बीम (एकेका चाकाचा आडवा लांब दांडा) आहेत, नुसती स्प्रिंग लहान केली तर चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या बाजूने खातात. तुला ड्रॉप बीम, म्हणजे गाडी खाली यावी म्हणून वेगळे बनवलेले बीम, लागतील. वेगळा धागा काढ.

जुनाट_पिकअप:
बोल्टचं डोक्यातच नव्हतं, वाचवलंत. स्पिंडलच करतो, ६ बोल्टच्या डिस्कसकट. म्हणजे स्प्रिंग काढायचीच नाही ना? स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर भाड्याने आणायचा होता.

वंगणहात:
काढायची नाही, पण स्पिंडल सुटताना आर्मवर स्प्रिंगचा पूर्ण जोर असतो हे विसरू नको. लोअर आर्मखाली जॅक, चासीखाली स्टँड, स्प्रिंगमधून एक साखळी. बॉल जॉइंटचा (आर्म आणि स्पिंडल जोडणारा गोळ्याचा सांधा) नट आधी नुसता ढिला कर, चार आटे राहू दे, त्याचा निमुळता, घट्ट बसलेला दांडा (टेपर) सुटताना टणकन आवाज येतो. त्या वेळी नट काढलेला असेल आणि खाली जॅक नसेल तर आर्म कुठे जाईल हे बघायला तू समोर असू नयेस.

आणि आर्मचे रबर बुश बदलणार असशील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळ. चाक लोंबकळत असताना आवळलेस तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

तिरका_कॅम्बर:
अलाइनमेंट शेवटी, थोडी चालवल्यावर. नाक खाली आलं की कॅस्टर (बाजूने बघितलं तर चाक वळण्याच्या अक्षाचा मागे कल) कमी होतो, म्हणून नुसता टो (वरून बघितलं तर चाकं पुढून आत की बाहेर) बघून सोडणाऱ्याकडे नेऊ नको. अप्पर आर्मच्या शाफ्टमागचे शिम (कोन जुळवायच्या पातळ पट्ट्या) काढताना कुठे किती होते ते लिहून ठेव, मी सगळे एका डब्यात टाकले होते.

जुनाट_पिकअप:
एक बाजू झाली. टणकन आवाज आला आणि मी मांजरासारखा उडालो, नट होता म्हणून बरं. हबच्या मध्यापासून फेंडरपर्यंत मोजलं, बरोबर अडीच इंच कमी. सध्या गाडी एका डोळ्याने मिचकावल्यासारखी दिसतेय. दुसरी बाजू रविवारी.