ओलोंगापोचे महापौर ते सिनेटर: रिचर्ड गॉर्डन यांची खरी कामगिरी कुठली?

रानवारा: फिलिपिन्सचे रिचर्ड गॉर्डन ओलोंगापोचे महापौर होते, पुढे दोनदा सिनेटर झाले (२००४-१०, २०१६-२२). माझ्या मते माणूस मोठा तो शहरातच. जून १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला, ओल्या राखेच्या भाराने घरांची छपरं बसली. तीनच महिन्यांत सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी ओलोंगापोजवळचा सुबिक इथला अमेरिकी आरमारी तळ पुढे चालू ठेवण्याचा करार फेटाळला. अख्ख्या गावाचं पोट त्या सुबिक तळावर! नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकी आरमार निघून गेलं, तेव्हा गॉर्डन यांनी हजारो बिनपगारी स्वयंसेवक पहाऱ्याला उभे केले. शेजारच्या क्लार्क तळाची लूट झाली होती. सुबिकची धावपट्टी, गोदामं शाबूत राहिली. म्हणून तर १९९५ मध्ये फेडेक्स या मालवाहतूक कंपनीने तिथे आशियाचं केंद्र थाटलं. सिनेटमध्ये याच्या तोडीचं काय केलं त्यांनी?

चिकित्सक: पहाऱ्याचं श्रेय त्यांचंच, वाद नाही. पण घराणेशाहीचं काय? वडील महापौर (१९६७ मध्ये त्यांचा खून झाला), नंतर आई महापौर. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निवडून आलेल्या महापौराला सुबिक प्राधिकरणाचं (रिकाम्या तळाचा कारभार पाहणाऱ्या सरकारी संस्थेचं) अध्यक्षपद देता येणार नाही. यांनी प्राधिकरण धरलं, १९९५ मध्ये पत्नी महापौर! १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष एस्त्रादांनी काढलं, तरी समर्थकांना घेऊन कार्यालयात ठाण मांडून बसले. सार्वजनिक पद असं अडवून धरायचं नसतं.

रानवारा: मुदत शिल्लक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मीनल_त: रानवारा, सिनेटचं काम तुम्ही फारच हलक्यात घेताय. यंत्राने मतमोजणीचा २००७ चा कायदा त्यांनी लावून धरला. त्याआधी हाताने मोजणी, आठवडेच्या आठवडे चालायची. एकाची मतं घटवून दुसऱ्याची वाढवण्याला तिकडे ‘दागदाग-बावास’ म्हणतात, इतकं ते सर्रास होतं. मे २०१० मध्ये देशभर मतदारांनी कागदावरचे लंबगोल रंगवले आणि यंत्राने ते वाचले. गॉर्डन स्वतः त्याच निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते, पडले. सुबिक एका शहराचं, हे साऱ्या देशाचं.

आणि २०२१ ची फार्माली या कंपनीची चौकशी? भरणा भांडवल सव्वासहा लाख पेसो असलेल्या या कंपनीला कोविड काळात आठ अब्जांहून जास्त पेसोंची सरकारी कंत्राटं. ब्लू रिबन समितीचे (सरकारी गैरव्यवहार तपासणारी सिनेटची समिती) अध्यक्ष म्हणून त्यांनी ते चव्हाट्यावर आणलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते जाहीरपणे तुटून पडले, तरी हटले नाहीत.

रानवारा: पण अहवालाचं काय झालं? ११ सह्या हव्या होत्या, ९ मिळाल्या. सभागृहापुढे तो आलाच नाही. मे २०२२ मध्ये स्वतःही हरले. शहरात हुकूम सुटला की माणसं हलायची. सिनेटमध्ये चोवीस जण, प्रत्येकाची मनधरणी करावी लागते. ते त्यांना कधीच जमलं नाही.

मीनल_त: सही न करणाऱ्यांचं पाप त्यांच्या माथी कशाला?

चिकित्सक: मग २०१६ कुणाच्या माथी? दुतेर्तेंच्या टीकाकार सिनेटर लैला दे लीमांना सिनेटच्या न्याय समितीच्या अध्यक्षपदावरून हटवलं, अध्यक्षपद गॉर्डनकडे आलं. दुतेर्तेंच्या अमली पदार्थांविरोधी मोहिमेतल्या हत्यांची सुनावणी त्यांनी ऑक्टोबरमध्येच गुंडाळली आणि सरकारचा हात असल्याचा पुरावा नाही, असं सांगितलं. ती थांबवायला कुणाच्या सह्या लागत नव्हत्या, मीनलताई.