ओढ्यावरचा पूल: रविवारच्या मीटिंगआधी ग्रुपवर झालेली चर्चा

सेक्रेटरी, ए-१०३ (रात्री ८:०५)
नमस्कार मंडळी. बागेतल्या ओढ्यावरच्या पादचारी पुलाचं डिझाईन कन्सल्टंटकडून आलंय, वर पीडीएफ टाकली आहे. आरसीसीचा पूल, मध्ये दोन खांब, कठड्याला ओंडक्यांसारखं दिसणारं सिमेंटकाम, हिरवा रंग, रंगीत एलईडी. 'निसर्गाशी एकरूप' असं त्यांनी लिहिलंय. रविवारी मंजुरीला ठेवतोय. मतं आत्ताच सांगा.

बी-२०४
छान वाटतंय 👍 मुलांना एकदाचं पलीकडे जाता येईल.

बी-६०१
आमच्या आधीच्या सोसायटीत असेच सिमेंटचे ओंडके होते. तीन पावसाळ्यांत रंग उडाला, तडे गेले, आतली गंजकी सळई बाहेर आली. माझ्या मुलीच्या तळहाताला लागून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. ते सोडून काहीही करा.

ए-४०२
आम्ही दिवाळीत मेघालयला जाऊन आलो. तिथे रबराच्या झाडाची जिवंत मुळं ओढून पूल करतात. नाँगरियाटचा दुमजली पूल पाहिला, खाली नदी आणि पायाखाली जिवंत मुळं! आपल्या उंबराचं असं काही करता येईल का? सी-५०२ ताई, तुम्ही याच क्षेत्रातल्या ना?

सी-५०२ (८:४१)
हो दादा. बावीस वर्षं पुलांचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांबलं तरी वाचा, कारण एकदा झालेला पूल कुणी हलवत नाही.

आधी खांबांबद्दल. ओढ्यात एकही खांब नको. २५ सप्टेंबर २०१९ ला कात्रजकडे ढग कोसळले, ती रात्र जे इथे होते ते विसरलेले नाहीत. पंपहाउसच्या भिंतीवर वॉचमनदादांनी ऑइल पेंटने मारलेली लाल रेघ आहे, पाणी तिथवर चढलं होतं. त्या पाण्यात फांद्या, थर्माकोल, एक अख्खी गादी वाहत आली. मध्ये खांब असते तर हे सगळं तिथेच अडकलं असतं आणि तुंबलेलं पाणी बी विंगच्या पार्किंगमध्ये शिरलं असतं. काठापासून काठापर्यंत एकच गाळा (दोन आधारांमधलं अंतर) हवा, आणि पुलाचा तळ त्या रेघेच्याही वर हवा.

दुसरं, जागा. गेटसमोर ओढा अकरा मीटर रुंद आहे आणि तिथे पूल घातला तर दोन करंज जातात. तीस पावलं वर गेलात तर उंबराच्या अलीकडे काठ जवळ येतात. परवा टेप लावून मोजलं, साडेआठ मीटर भरलं. दोन्ही बाजूंना काळा पाषाण उघडा पडलाय, त्यामुळे पायासाठी खोल खणावं लागणार नाही आणि मुळं वाचतील. पाया दीड-दीड मीटर मागे घेतला तरी गाळा साडेअकरा मीटरच होतो. लोखंडी तुळयांवर हे आरामात बसतं. झाड तोडायचं म्हटलं तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने परवानगी लागते, तीही भानगड वाचेल.

ए-३०५
आरसीसी स्वस्त पडतं असं कन्सल्टंट म्हणतात. लोखंड म्हणजे दर दोन वर्षांनी रंगकाम. खर्चाचा विचार करा.

सी-५०२
काका, तुमची शंका रास्त आहे. पण आरसीसी करायचं तर ओढ्यात सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा तात्पुरता सांगाडा, उभारावं लागेल, मिक्सर आत आणायला बाग उकरावी लागेल. त्यांच्या कोटेशनमध्ये हे दोन्ही धरलेलं नाही, मी पाहिलं. लोखंडी तुळया वर्कशॉपमध्ये तयार होऊन येतात आणि क्रेनने एका दिवसात बसतात. वर गरम जस्ताचा मुलामा दिला की रंगाचं काम राहत नाही.

बी-७०४
ताई, तो गंजलेला दिसणारा कॉर्टेन स्टीलचा पूल? फोटोत झाडांमध्ये अप्रतिम दिसतो.

सी-५०२
मलाही आवडतो. पण त्याचा तो तांबूस थर आपोआप टिकायला लोखंड भिजून पुन्हा नीट वाळावं लागतं. आपल्या उंबराखाली जून ते ऑक्टोबर शेवाळ असतं, ऊन पोचत नाही. तिथे तो गंज थांबणार नाही, आत खात जाईल. जस्ताचा मुलामा वर्षभरात मळका राखाडी होतो आणि आपल्या पाषाणाच्या रंगात मिसळतो.

रंगावरून आठवलं, हिरवा तर अजिबात नको. डब्यातला हिरवा झाडात मिसळत नाही. पालवीचा हिरवा वेगळा, श्रावणातला वेगळा, मार्चमधला वेगळा, आणि आपला पूल बाराही महिने एकाच हिरव्यात उभा. सावलीचा रंग गडद, करडा असतो. डोळा त्यावरून सरकून जातो.

बी-६०१
हे माहीत नव्हतं. आणि कठडा?

सी-५०२
बारीक उभ्या सळ्या, उंची १.१ मीटर, दोन सळ्यांमध्ये १० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर. आडव्या पट्ट्या नकोत, मुलं त्यावर पाय देऊन चढतात. उभ्या सळ्या खोडांच्या आणि बांबूच्या मध्ये दहा पावलांवरून दिसेनाशा होतात.

ए-४०२ दादा, मुळांच्या पुलाला पंधरा-वीस वर्षं तरी लागतात, आणि आपलं उंबराचं झाड त्यासाठी ताणलेलं मला पाहवणार नाही. पण मेघालयात हे पूल करणाऱ्या खासी लोकांकडून एक गोष्ट नक्की घेऊ या. त्यांचा पूल झाड जिथे उभं आहे तिथूनच सुरू होतो. माझ्या माहेरी, कोकणात, पऱ्ह्यावर, म्हणजे लहान ओढ्यावर, पोफळीच्या खोडांचा साकव (छोटा पूल) असायचा. तोही जिथे काठ जवळ येतात आणि दगड आहे तिथेच. चालताना मधोमध हलायचा, आजी म्हणायची, खाली बघू नको, समोरच्या फणसाकडे बघ. गावात कुणी त्याला 'निसर्गाशी एकरूप' म्हटलं नव्हतं.

बी-२०४
मलबार हिलचा नेचर ट्रेल पाहिलाय का कुणी? मागच्या महिन्यात गेलो होतो. ४८५ मीटरची लाकडी वाट झाडांमधून वळत जाते. वळल्याशिवाय पुढचं दिसतच नाही. आपलाही सरळ नको.

सी-५०२
अगदी बरोबर. पूल सरळ असू दे, पोचणारी वाट वळती ठेवू. आणि त्यात एक फायदा आहे. पूररेघेच्या वर जायचं म्हणजे काठापासून साधारण १.२ मीटर चढायचं. व्हीलचेअरसाठी चढ जास्तीत जास्त बारास एक (बारा मीटर चालून एक मीटर वर), म्हणजे साडेचौदा मीटर उतरण लागते. पुलाला चिकटून हा रॅम्प केला तर बागेत भिंत उभी राहिल्यासारखं दिसेल. तीच वाट बाकांपासून हळूहळू चढवत आणली, वीसास एक, तर चोवीस मीटर होते आणि चढ कळतही नाही. मात्र करंजाच्या बुंध्याभोवती मातीचा भराव नको, वीतभर मातीनेही मुळं गुदमरतात. तिथे वाट छोट्या पेडेस्टलवर, म्हणजे बुटक्या खुंटांवर, उचलून घ्यायची.

डी-००२ (आजी)
मी खुर्चीवरून जाऊ शकेन का? खारुताई त्या बाजूलाच असतात. लाकडाच्या फटीत चाक अडकतं हो माझं.

सी-५०२
आजी, म्हणूनच फळ्या आडव्या, चाकाच्या दिशेला नाही. फट आठ मिलिमीटर, वरून खाचा म्हणजे पावसात घसरणार नाही. एखादी कुजली तर सुतार तेवढीच बदलेल. रुंदी १.८ मीटर, दोन खुर्च्या समोरासमोर जातील.

ए-३०५
एवढ्या बारीक पुलावर गणपतीच्या दिवशी सगळी सोसायटी उभी राहिली तर?

सी-५०२
काका, मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला, चार माणसं गेली. तळेगाव आपल्यापासून किती लांब? गर्दीच्या जागी दर चौरस मीटरला ५०० किलो धरून डिझाईन करतात. आपल्या पुलाचं क्षेत्रफळ जवळपास २१ चौरस मीटर, म्हणजे दहा टनांवर भार. पीडीएफमध्ये हा आकडा कुठेच नाही. रविवारी कन्सल्टंटना सगळ्यांत आधी तोच विचारा. माझं बाकी काही मान्य झालं नाही तरी चालेल, हा आकडा आणि त्याखाली सही असल्याशिवाय मंजुरी देऊ नका. आणि दरवर्षी मे महिन्यात तपासणी, तीही ठरावात लिहून घ्या.

सेक्रेटरी, ए-१०३
नोंद केली. दिव्यांचं काय करायचं?

बी-६०१
उंबरात पिंगळ्याची ढोली आहे. फळं धरली की रात्री वटवाघळं येतात. रंगीत एलईडी लावले तर सगळे निघून जातील.

सी-५०२
हातधरीच्या खालच्या अंगाला पिवळे, मंद, फक्त पायाकडे पडणारे दिवे. साडेदहाला बंद. झाडावर एकही फोकस नको.

ए-३०५
ठीक आहे. लोखंडी पुलाचं वेगळं कोटेशन मागवा, क्रेनसकट. मग बोलू.

सेक्रेटरी, ए-१०३
मग असं करू. मीटिंग दहाला आहे, त्याआधी सात वाजता सगळे उंबरापाशी. वॉचमनदादांना दोन बांबू आणि सुतळी काढायला सांगितलंय. ताई सांगतील त्या उंचीला सुतळी बांधू आणि बाकांपासून चुन्याने वाट आखू. उंची आणि वळण प्रत्यक्ष बघूनच मत द्या.

डी-००२ (आजी)
मी पावणेसातला खाली असेन. त्या चुन्याच्या रेघेवरून खुर्ची ढकलून बघायला कुणीतरी या.

बी-७०४
मी येतो आजी.