किंगडा का पाडण्याऐवजी सुधारून चालवता आला नसता का?

प्रश्न (नांदेड)

न्यू जर्सीतील जॅक्सन येथील सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या उद्यानातला किंगडा का हा रोलर कोस्टर २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरुंग लावून पाडण्यात आला, हे येथील सर्वांना ठाऊक आहेच. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. २००५ साली सुरू झालेला, १३९ मीटर उंचीचा आणि साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटरचा वेग गाठणारा हा कोस्टर काढून त्या जागी नवा विक्रमी कोस्टर आणण्याची घोषणा उद्यानाने केली. परंतु गाडी ज्यावर चढून पलीकडे उतरते तो जुना मनोरा तसाच ठेवून केवळ गाडी सोडण्याची यंत्रणा बदलणे शक्य नव्हते का?

या प्रश्नामागे आठवणीही आहेत. २०१८ च्या उन्हाळ्यात मी दादाकडे न्यू जर्सीला गेलो होतो आणि आम्ही दोघे दोन तास रांगेत उभे राहून गाडीत बसलो. सुटण्यापूर्वी गाडी किंचित मागे सरकते आणि रुळांमधल्या ब्रेकच्या पट्ट्या एकदम खाली जातात. त्यानंतरच्या दोन-चार क्षणांत दादाने माझे मनगट इतके घट्ट धरले होते की वळ उमटले. आमची गाडी शिखराजवळ पोहोचली, मंदावली, आणि पलीकडे न जाता मागे घसरत खाली आली. ब्रेकनी तिला अलगद थांबवले आणि थोड्या वेळाने पुन्हा सोडले. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो आणि इतका आनंदही झाला नव्हता. ती जागा आता मोकळी झाली आहे, हे मनाला पटत नाही.

उत्तर १ (वाळूज, छत्रपती संभाजीनगर)

गेली सतरा वर्षे मी एका कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसची देखभाल करतो, म्हणून आपल्या प्रश्नाची यंत्राची बाजू मांडतो.

किंगडा कामध्ये पंप सतत तेल ढकलून टाक्यांमधला नायट्रोजन दाबत असत. गाडी सोडताना हा दाब एकदम मोकळा होई, त्या तेलाने मोटारी फिरत, मोटारींनी प्रचंड रीळ फिरे आणि रिळावर गुंडाळल्या जाणाऱ्या पोलादी दोराने गाडी खेचली जाई. आपली गाडी सुटण्यापूर्वी मागे सरकली, ती या दोराला जोडलेल्या छोट्या गाड्यात अडकण्यासाठी. इतकी ताकद इतक्या थोड्या वेळात देणारी दुसरी सोय त्या काळी सहज उपलब्ध नव्हती, हे खरे आहे. पण सील झिजतात, तेल तापते, दोर बदलावा लागतो आणि एका भागाने दगा दिला की सारे ठप्प होते. उद्घाटनानंतर काही आठवड्यांतच एक बोल्ट तुटल्यामुळे हा कोस्टर ऑगस्ट २००५ पर्यंत बंद होता. आमच्या प्रेसची गळती थांबवण्यासाठी मी रात्र-रात्र जागलो आहे, त्यामुळे तिथल्या देखभाल करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

आपण सुचवलेला प्रयोग ओहायोतील सीडर पॉइंट उद्यानात प्रत्यक्षात झाला आहे. तिथला १२८ मीटर उंचीचा टॉप थ्रिल ड्रॅगस्टर २००३ पासून याच पद्धतीने चालत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये गाडीचा एक धातूचा भाग सुटून रांगेतील एका महिलेला लागला, त्यानंतर तो बंद झाला आणि २०२२ मध्ये त्याच्या निवृत्तीची घोषणा झाली. पुढे मूळ मनोरा कायम ठेवून तेल आणि दोर काढून टाकले, रुळांलगत विद्युतचुंबकीय मोटारी बसवल्या आणि मे २०२४ मध्ये तो टॉप थ्रिल २ या नावाने सुरू केला. मात्र या मोटारी तेवढ्याच अंतरात पूर्वीचा धक्का देऊ शकत नाहीत. म्हणून गाडी आधी पुढे जाते, मग मागे येऊन नव्याने बांधलेल्या तेवढ्याच उंच दुसऱ्या मनोऱ्यावर चढते आणि तिसऱ्या झेपेत शिखर ओलांडते. एवढे करूनही चाकांच्या अडचणीमुळे काही दिवसांतच तो बंद करावा लागला आणि पुढच्या वर्षीच पुन्हा सुरू झाला.

किंगडा कासाठीही नवा मनोरा, नव्या गाड्या आणि नवी वीजव्यवस्था एवढे सगळे लागले असते. त्यातून जे उरले असते, त्याला आपण किंगडा का म्हटले असते का, याची मला शंका आहे.

उत्तर २ (लातूर)

वाळूजच्या सदस्यांचे म्हणणे मला पटते. यंत्र बदलण्याला माझा विरोध नाही. पण निरोप घेऊ न देणे मला अजिबात मान्य नाही. कोस्टरची शेवटची फेरी १० नोव्हेंबर २०२४ रोजी झाली आणि तो कायमचा बंद होत असल्याचे उद्यानाने १४ नोव्हेंबरला सांगितले. त्या रविवारी रांगेत उभ्या असलेल्यांना ही शेवटची फेरी आहे असे उद्यानाने सांगितले नव्हते. त्याच मनोऱ्याला २०१४ साली जोडलेली झुमान्जारो ही राइडही सोबतच गेली.

आपल्यापैकी बहुतेकांनी पहिला मोठा कोस्टर खोपोलीजवळच्या इमॅजिकात, नायट्रोच्या रूपाने पाहिला असेल. मी रात्रभर ट्रॅव्हल्सने प्रवास करून धाकट्या बहिणीला घेऊन गेले होते. उद्या तो बंद झाल्याचे चार दिवस उशिरा कळले, तर मला वाटणारे दुःख कोणत्याही नव्या राइडने भरून निघणार नाही. एक महिना आधी सांगितले असते तर लोक लांबून आले असते आणि उद्यानाचाही फायदाच झाला असता.

उत्तर ३ (लोहा)

माझे आजोबा सुतार होते आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाकडी रहाटपाळणा उभा करत असत. चार पेट्या, मधोमध बाभळीचा आख, त्याला वंगण, आणि वर चढून आपल्या वजनाने पाळणा फिरवणारी दोन माणसे, एवढाच तो संसार होता. फळी तडकली तर संध्याकाळपर्यंत दुसरी बसत असे. मोठे लोखंडी पाळणे आल्यावर आमचा बंद झाला. त्याची एक पेटी अजून आमच्या गोठ्यात आहे.

अमेरिकेतही हेच दिसते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा लाकडी सायक्लोन १९२७ पासून आहे आणि पेनसिल्व्हेनियातील लीप-द-डिप्स तर १९०२ चा आहे. तो १९८५ ते १९९९ बंद पडूनही दुरुस्त होऊन पुन्हा चालला. या कोस्टरची फळी सुताराला बदलता येते, रूळ थोडे-थोडे करून नवे करता येतात, म्हणून ते टिकले. किंगडा का त्याच्या पंपांवर आणि दोरावर अवलंबून होता. तो दीर्घकाळ टिकण्यासाठी बांधलाच नव्हता, असे मला वाटते आणि हे लिहिताना वाईटही वाटते.

प्रश्नकर्ता (नांदेड)

सर्वांचे मनापासून आभार. यंत्र वाचवता आले नसते हे आता मान्य करतो, पण निरोपाबद्दल लातूरच्या ताईंचे शब्द माझेच आहेत. मी ही चर्चा दादाला वाचून दाखवली, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की त्याच उद्यानातला २००६ चा एल टोरो हा लाकडी कोस्टर अजून आहे, पुढच्या वेळी त्यात बसू. लोह्याच्या दादांना विचारावेसे वाटते की, एल टोरोचे रूळ कारखान्यात अचूक कापून आणून जोडलेले आहेत, तर मग तुमचा सुताराचा नियम त्याला लागू होईल का?

उत्तर ४ (लोहा)

सायक्लोनइतका सहज लागू होणार नाही, कारण तसा भाग पुन्हा कारखान्यातूनच मागवावा लागेल. पण तो अजून उभा आहे. दादांना घेऊन लवकर जा, आणि बसल्यावर शेवटच्या डब्यात बसा.