‘विंग वॉर्पिंग’ : पंख वाकवणे, मुरडणे की पिळणे?

प्रश्न : राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाविषयी लिहिताना ‘विंग वॉर्पिंग’ला बहुतेक ठिकाणी ‘पंख वाकवणे’ म्हटलेले दिसते. हे बरोबर आहे का? ‘मुरड’ चालेल?

प्रतिसाद १ : ‘वाकवणे’ नको. पट्टी मधोमध दाबली की वाकते. तिची दोन टोके उलटसुलट फिरवली की तिला पीळ बसतो. राइटांच्या पंखांत हे दुसरे घडत होते. विमानाला एकावर एक असे दोन पंख होते. वैमानिक खालच्या पंखावर पालथा पडलेला असे, कंबर लाकडी पाळण्यात. पाळणा डावीकडे सरकवला की तारा ओढल्या जात. उजव्या पंखांची मागची कड टोकाशी खाली येई, डाव्यांची वर जाई. उजवीकडे उचल वाढे, डावीकडे घटे आणि विमान डावीकडे कलंडे. पुढची कड मात्र हलत नसे, कारण तिथले खांब तिरप्या तारांनी घट्ट आवळलेले होते. सुतारकामात ‘फळीला पीळ पडला’ म्हणतात, तोच हा पीळ. ‘पंखांना पीळ देणे’ म्हणावे. नाम हवे तर ‘पंखपीळ’.

‘मुरड’ करंजीच्या कडेला घालतात. तिथे कड दुमडली जाते, इथे दुमडत नाही.

प्रतिसाद २ : सहमत. ‘बाक’ हा शब्द मात्र राखून ठेवा, तो ‘कॅम्बर’साठी नेमका आहे. १९०३ च्या पंखाचा बाक साधारण १:२० होता, म्हणजे पंखाच्या रुंदीच्या विसाव्या भागाइतका फुगवटा. बाक पंख बांधतानाच ठरतो, पीळ उडताना दिला जातो.

आणि पिळाबरोबर सुकाणूचा उल्लेख हवाच. ज्या पंखाची उचल वाढते त्याला हवेचा अडथळाही जास्त होतो. तो मागे पडतो आणि नाक नको त्या बाजूला वळते. राइटांच्या १९०२ च्या ग्लायडरला (बिनइंजिनाच्या विमानाला) आधी मागे दोन स्थिर उभे पडदे होते. ग्लायडर कलून खाली झुकलेल्या बाजूकडे घसरू लागला की त्या पडद्यांवर बाजूने हवा आदळे, झुकलेल्या बाजूचा पंख आणखी मागे पडे आणि ग्लायडर त्याच्याभोवती फिरत वाळूत जाई. मग पडदे काढून एकच हलते सुकाणू बसवले आणि त्याच्या तारा पाळण्याला जोडल्या. खरा तोडगा ही जोडणी होती. १९०५ मध्ये सुकाणूला वेगळा दांडा मिळाला.

प्रश्नकर्ता : मग ‘एलेरॉन’लाही पंखपीळच म्हणायचे का?

प्रतिसाद १ : नाही. एलेरॉनमध्ये पंख ताठ राहतो, मागच्या कडेचा बिजागरीवरचा तुकडा तेवढा वरखाली होतो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘छोटा पंख’. मराठीत ‘एलेरॉन’च राहू द्या, तो रुळला आहे. पंखपीळ फक्त राइटांचा समजू नका. २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या फ्रेंच वैमानिक ब्लेरिओच्या विमानातही तोच होता. वाक्य असे करता येईल : ‘ब्लेरिओने पंखांना पीळ देऊन विमान सावरले.’