उत्तर: क्लाउडसिममधील खर्चाचा अंदाज कितपत धरावा?

प्रत्यक्ष सर्व्हर भाड्याने न घेता क्लाउडसिम या, क्लाउड सेवेची संगणकावर नक्कल करणाऱ्या साधनावरून खर्चाचा विश्वासार्ह अंदाज मिळतो, हे मत मला अर्धेच पटते. मेलबर्न विद्यापीठात राजकुमार बुय्या यांच्या गटाने विकसित केलेल्या या जावा भाषेतील साधनात खरा प्रोग्राम चालतच नाही. कामाची लांबी दशलक्ष सूचनांमध्ये (संगणकाला दिलेल्या आज्ञांमध्ये) आणि आभासी यंत्राचा, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या भाड्याच्या संगणकाचा, वेग सेकंदाला किती दशलक्ष सूचना या मापात आपणच द्यायचा असतो. याखेरीज एक मुद्दा कामे वाटण्याच्या धोरणाचा आहे. प्रत्येकी ४,००,००० दशलक्ष सूचनांची दोन कामे सेकंदाला १,००० दशलक्ष सूचना वेगाच्या, एकाच गाभ्याच्या (प्रोसेसर कोरच्या) यंत्रावर एकामागून एक चालवली, तर ती सुमारे ४०० आणि ८०० सेकंदांना संपतात. वेळ वाटून, म्हणजे दोन्ही आलटूनपालटून चालवली, तर दोन्ही ८०० सेकंदांना. यंत्राचे भाडे तेच, पण काम पूर्ण होण्याचा सरासरी काळ ६०० वरून ८०० सेकंदांवर जातो.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यांची नोंद ठेवणाऱ्या एका लहान प्रणालीसाठी मी असे प्रतिमान केले होते. सगळी कामे दिवसभर समान पसरलेली धरल्यामुळे (चूक माझीच) एक यंत्र पुरेसे दिसले. सौदे सुरू होताच एकदम येणारी नोंदींची गर्दी घातल्यावर तीन लागली. शिवाय, नवे यंत्र सुरू होण्यास लागणारा वेळ मी प्रतिमानात घेतलाच नव्हता, त्यामुळे ते मागताक्षणी तयार झाल्याचे दिसत होते. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात रांग वाढलेली असते.