नवऱ्यासाठी वाढदिवसाची (लग्नाच्या) भेट, बजेट १,५००, इंदूर

सुदामानगरकर
लग्नाला २० वर्षं होताहेत, अजून तीन आठवडे हातात आहेत. १,५०० च्या वर जायचं नाही. शर्ट, पाकीट, अत्तर हे सगळं पडून आहे, तो वापरत नाही. ऑनलाइन मिळणारे नाव छापलेले मग नि उश्या नकोत. काही टिकाऊ सुचवा.

पोहे_जिलबी
महेश्वरी कापड घेऊन कुर्ता शिवा. मृगनयनीत (मध्य प्रदेश सरकारचं हातमाग-हस्तकलेचं दुकान) मीटरवर मिळतं. ४४ इंच पन्ह्याला साधारण उंचीच्या माणसाला अडीच मीटर पुरतं, उंच असतील तर तीन घ्या. सुती असेल तर शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटेल. पण शिलाई धरली तर बजेट ताणलं जाईल, हे आधीच सांगते. शिवाय शिंप्याकडे मापाचा कुर्ता न्यावा लागेल, तो गुपचूप उचला.

अल्बमवाला
लग्नातला एखादा फोटो मोठा करून फ्रेम करा. ४×६ चा प्रिंट ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४००×३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० डीपीआयला ८×१२ चा प्रिंट अगदी बरोबर बसतो, कडा कापाव्या लागत नाहीत. मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका, चकाकी येते. प्रिंट मॅट घ्या आणि फ्रेमवाल्याकडून माउंट (फोटो नि काच यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) लावूनच घ्या, कारण काचेला टेकलेला फोटो आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेलाच चिकटतो. अल्बमच्या चिकट पानावरून फोटो ओढून काढायचा नाही, खालून शिवणाचा दोरा सरकवत सोडवा.

लंबक
ताई, घरात जुनं चावीचं घड्याळ आहे का? सासऱ्यांचं वगैरे?

सुदामानगरकर
आहे! एचएमटी जनता, सासऱ्यांचं मनगटी घड्याळ. कपाटात बंद पडलंय. चावी फिरते, पण काटा हलत नाही.

लंबक
मग नवीन काही घेऊच नका. चावी फिरवत राहिलात आणि ती कुठेच घट्ट होऊन थांबत नसेल, तर बहुधा मेन स्प्रिंग (चावीने गुंडाळली जाणारी, घड्याळ चालवणारी) तुटलीय. घट्ट होते पण चालत नाही, असं असेल तर बहुतेक वेळा तेल वाळलेलं असतं. दोन्ही दुरुस्त होतं. मात्र घट्ट झाल्यावर जोर लावू नका.

राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत चावीची घड्याळं उघडणारे जुने घड्याळजी शोधा. फक्त सेल बदलणाऱ्याकडे देऊ नका. "पूर्ण सर्व्हिस" म्हणजे मशीन सुटं करून, धुऊन, प्रत्येक जागी ताजं तेल घालून पुन्हा जोडणं. काही जण अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुचकळून देतात. घड्याळ चालू लागतं, पण तेल धुऊन गेलेलं असल्यामुळे दाते नि खुंट्या झिजतात. म्हणून आधीच विचारा.

अंदाज: सर्व्हिस ५००–८००, काच १००–२००, चामड्याचा पट्टा ३००–४००. काच ॲक्रिलिकची असते, बारीक चरे घासून जातात, तडा असेल तरच बदला.

सगळ्यात महत्त्वाचं: डायल रंगवू देऊ नका. घड्याळजी कौतुकाने "नवीन करून देतो" म्हणतो, पण ते पिवळसर पडलेलं डायल सासऱ्यांचं आहे, त्यावर नवीन अक्षरं चढली की घड्याळ दुसऱ्याचंच दिसतं. बाजारात रंगवलेल्या डायलच्या जनता ढिगाने मिळतात, तशी घरात कशाला? बदललेले सुटे भागही परत मागा. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सरकारने २०१६ मध्ये बंद करायचं ठरवलं, त्यामुळे बहुतेक भाग जुन्या घड्याळांतूनच काढलेले असतात.

पोहे_जिलबी
पाठीवर तारीख कोरली तर?

लंबक
मी नाही करणार. पाठीवर आधीच कंपनीची अक्षरं असतात, मध्ये तारीख कोंबली की गिचमिड दिसते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला कोरा, चामड्यावर.

सुदामानगरकर
पट्टा कुठल्या मापाचा? आणि दुरुस्त झालं की नाही हे कळणार कसं?

लंबक
पट्टा अडकवायच्या दोन शिंगांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. जनताला बहुधा १८ असतं, पण मोजूनच घ्या. १९ चा कोंबलात तर कडा चुरगळते.

दुकानातून घरी आणल्यावर लगेच भेट देऊ नका. आठ दिवस मोबाइलच्या वेळेशी ताडून बघा: एक रात्र डायल वर, एक रात्र डायल खाली ठेवून. दिवसाला मिनिटभर मागेपुढे चालेल. तासाला दहा-दहा मिनिटं पुढे धावत असेल तर बहुधा चुंबक लागलंय, आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची (मेन स्प्रिंग नव्हे) वेटोळी एकमेकांना चिकटतात. घड्याळजीकडे ते काढायचं यंत्र असतं, काम मिनिटाभराचं. त्यानंतर स्पीकर आणि मोबाइलच्या चुंबकी कव्हरपासून लांब ठेवा. हात धुताना, आंघोळीला काढायचं. पाणी शिरलं तर वाट न बघता त्याच दिवशी उघडून घ्या, नाहीतर आत गंज.

घड्याळजीला आजच द्या. भाग शोधायला वेळ लागला तर तीन आठवडे पुरणार नाहीत.

सुदामानगरकर
उद्याच निघते. पट्टा तपकिरी की काळा?

अल्बमवाला
पिवळसर डायलला तपकिरी.